एअर पिस्तूल: ब्रेकनंतरचा पहिला शॉट वर जातो, आणि सिलिंडर रात्रीत उतरतो

सातवा_मजला
लेक नववीत आहे, १० मीटर एअर पिस्तूल मारते. राहायला कोलशेत रोडला. पिस्तूल क्लबातल्या एका सीनियर मुलीकडून दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलं, परदेशी बनावटीचं, हवेच्या सिलिंडरवर चालणारं. आतापर्यंत काही तक्रार नव्हती. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि दोन भानगडी एकदम सुरू झाल्या.

एक: सिरीज मारून झाली, पाणी प्यायली, दहा-पंधरा मिनिटं बसली, की त्यानंतरचा पहिला शॉट बाराच्या काट्यावर. म्हणजे सरळ वर, डावी-उजवी काही नाही. दुसरा थोडा खाली, तिसऱ्या-चौथ्यापासून परत मध्ये. एक रिंग जाते. दर ब्रेकनंतर जाते.

दोन: संध्याकाळी सिलिंडर २०० बारला भरून ठेवला की सकाळी काटा १५०-१५५ वर.

आतापर्यंत काय केलं: पेलेटचा (शिशाच्या छोट्या गोळ्यांचा) डबा बदलला. साईट (नेम धरायची खूण) दोन क्लिक खाली घेतली, मग बाकीचे सगळे शॉट खाली जायला लागले, परत वर घेतली. सर म्हणतात मनगट सैल पडतंय, ब्रेकनंतर ग्रिप नीट धरत नाही. लेक म्हणते मी नीटच धरते, आणि रडते. बायको म्हणते विकून टाका आणि पोरीला बॅडमिंटनला घाला.

माझ्याकडे ॲलन कीचा सेट आहे आणि रेग्युलेटर (सिलिंडरच्या हवेचा दाब कमी करणारा भाग) उघडून दाखवणारा एक व्हिडिओ सापडलाय. उघडू का?

दहा_मीटर
नका उघडू. आधी चार प्रश्नांची उत्तरं द्या.
सिलिंडर कुठे भरता? किती वेळात? काटा वाचता तो भरल्या भरल्या की थोड्या वेळाने? सिलिंडरवर कोरलेलं उत्पादनाचं साल काय?

शेवटचा प्रश्न आधी बघा. बहुतेक कंपन्या सिलिंडरला १० वर्षं देतात. सेकंडहँड पिस्तुलाबरोबर सेकंडहँड सिलिंडर येतो, आणि मॅचला इक्विपमेंट कंट्रोलमध्ये (साहित्याच्या तपासणीत) मुदत संपलेला सिलिंडर दिसला तर पोरगी तिथेच अडकते. तेव्हा पाल्याच्या डोळ्यांत बघवत नाही, स्वानुभव.

कटिंग_चाय
सोपं आहे की दादा. वागळे इस्टेटला वेल्डिंगवाल्यांना गॅस देणारे चिक्कार आहेत. शंभर-दोनशे रुपयांत भरून देतील, क्लबात रांग कशाला लावायची?

गेजवाला
वरचा प्रतिसाद कोणीही अमलात आणू नये. कृपया.

वेल्डिंगवाल्याकडे मिळतो तो ऑक्सिजन. पिस्तुलात ओ-रिंगा आहेत (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या), त्यांना ग्रीस लावलेलं असतं. जास्त दाबाचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीस एकत्र आलं की ठिणगीचीही गरज लागत नाही. मी ३१ वर्षं ठाणे-बेलापूर रोडला केमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला काढली. ऑक्सिजनच्या लाइनवर काम असेल तर पाना सुद्धा तेल पुसून, धुऊन मगच हातात घ्यायचा असा नियम होता. आणि तुम्ही ते पोरीच्या चेहऱ्यापासून दीड हातावर धरायला सांगताय.

कोरडी, गाळलेली, साधी हवा. दुसरं काही नाही.

कटिंग_चाय
बरं बरं काका, रागावू नका, माहीत नव्हतं. मग पेट्रोल पंपावर टायरात भरतात ती हवा?

गेजवाला
रागावलो नाही, घाबरलो. पंपावर गाडीच्या टायरात ३०-३५ पीएसआय भरतात. २०० बार म्हणजे सुमारे २९०० पीएसआय. सायकलच्या पंपाने ट्रकचं चाक फुगवायला निघाल्यासारखं होईल.

सातवा_मजला
दहा_मीटर, उत्तरं:
साल बघितलं, अजून तीन वर्षं शिल्लक आहेत, हुश्श. भरतो क्लबातल्या डायव्हिंगच्या मोठ्या बाटलीवरून. मागे रांग असते म्हणून पटकन भरतो, अर्धं मिनिट लागत असेल. काटा तिथेच वाचतो.

दहा_मीटर
मग तुमच्या गळतीतली थोडी गळती ही गळतीच नाही.

भसकन भरला की आतली हवा तापते. हात लावून बघा, सिलिंडर कोमट लागतो. ४५ अंशाला २०० दाखवणारा काटा ३० अंशाला आला की १९० दाखवणार, आणि एक बुडबुडाही बाहेर गेलेला नसतो. व्हॉल्व्ह किंचित उघडा, दोन-तीन मिनिटं घ्या, मागच्याला सांगा थांब बाबा. घरी आणून तासभर ठेवा आणि मग काटा लिहून ठेवा.

पण तरीही तुमचे १५० जुळत नाहीत. दहा बार थंड होण्यात गेले, चाळीस कुठे गेले?

गेजवाला
आता माझ्या कामाची गोष्ट आली. ताई-दादांनो, जरा लांबण लावतो.

प्लांटमध्ये आम्ही म्हणायचो, 'व्हॉल्व्ह पासिंग आहे'. बंद केलाय पण थोडं थोडं सोडतोय. कुठला पासिंग आहे हे शोधायला लाइन उघडायची नसते, तिचे तुकडे करायचे असतात. तुमच्याकडे दोनच तुकडे आहेत: सिलिंडर आणि पिस्तूल.

पहिली रात्र: सिलिंडर भरा, थंड होऊ द्या, काटा लिहा, पिस्तुलावरून काढून वेगळा ठेवा. सकाळी काटा लिहा.
दुसरी रात्र: तोच सिलिंडर पिस्तुलाला लावून ठेवा. सकाळी काटा लिहा.

पहिल्या रात्री उतरला तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा काट्याच्या बुडाशी दोष. मग सिलिंडर विकणाऱ्याकडे द्या, भरलेल्या सिलिंडरवर पाना लावायचा नाही, कधीच नाही. दुसऱ्या रात्रीच उतरला तर दोष पिस्तुलात किंवा दोघांच्या सांध्यात. मग सांध्याला भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने लावून पाच मिनिटं बघत बसा. सांधा कोरडा राहिला तर नळीच्या तोंडासमोर पातळ टिश्यूची पट्टी धरा. अर्थात पेलेट नाही, चेंबर रिकामा, तोंड ट्रॅपकडे, म्हणजे टार्गेटमागच्या पेलेट अडवणाऱ्या पेटीकडे. पट्टी हलली तर आतला फायरिंग व्हॉल्व्ह पासिंग.

सिलिंडर बादलीत बुडवून बघितला तरी चालेल. पिस्तूल बुडवायचं नाही. हे सांगतोय कारण एकाने बुडवलं होतं.

नेरूळकरीण
कोणी बुडवलं होतं ते सांगा ना काका :)

माझा अनुभव पेलेटबाबत, कारण सातवा_मजला यांनी डबा बदललाय म्हणून. पावसाळ्यात शिसं पांढुरकं पडतं, पेलेटवर पिठासारखी पूड येते. मी डबा फोडला की त्यात सिलिका जेलची पुडी टाकते आणि झाकणाला टेप लावते. आणि पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पोराला डब्यातला वडा खाऊ देऊ नका. शिसं आहे ते, चणे नाहीत.

पण पेलेटमुळे फक्त ब्रेकनंतरचाच शॉट वर जाणार नाही. पेलेट खराब असेल तर तो वाटेल तेव्हा खराब असेल. घड्याळ लावून कसा बिघडेल?

दहा_मीटर
+१. हाच मुद्दा. 'कधी' बिघडतंय याच्याकडे लक्ष द्या. कुठे लागला ते नंतर.
थांबल्यावर पहिला शॉट जोरात निघणं, हे रेग्युलेटर क्रीपचं लक्षण असू शकतं. काका, समजावता का?

गेजवाला
सिलिंडरमध्ये २०० बार असतात, पण शॉटला एवढा दाब नको. मध्ये रेग्युलेटर बसतो आणि पुढच्या छोट्या खोलीत ठरावीक कमी दाब भरून दार लावून घेतो. दार म्हणजे सीट. सीटवर कण बसला, ओल बसली, चरा पडला, की दार नीट लागत नाही. लागोपाठ मारत असताना कळत नाही, कारण दाब चढायला वेळच मिळत नाही. पंधरा मिनिटं थांबलात की खोलीत दाब हळूहळू चढतो. पहिला शॉट तो जास्तीचा दाब घेऊन जातो, नंतर सगळं जागेवर. आमच्याकडे नायट्रोजनच्या रेग्युलेटरला हाच आजार व्हायचा. पावसाळ्यात जास्त.

बघायचं कसं, तर वेग मोजून. क्रोनोग्राफ क्लबात कोणाकडे तरी असेल. दहा शॉट मारा, लिहा. पंधरा मिनिटं थांबा. परत दहा.

कटिंग_चाय
अवांतर विचारतो. हे सगळं वाचून आठवलं, मी रोज रात्री ते अमेरिकन लोक गॅरेजमध्ये काडतुसं भरतात ते व्हिडिओ बघतो. टेबलावर प्रेस, वजनकाटा, खटाखट. मस्त वाटतं. आमच्या गावाकडे काकांची लायसनची बारा बोअर आहे, रिकामी काडतुसं पडून असतात. असं काही आपल्याकडे करता येतं का? खर्च वाचेल.

काळा_कोट
नाही. शस्त्र कायदा १९५९, कलम ५. दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. काकांचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, काडतूस तयार करण्याचा नाही. कलम २५ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. खर्च वाचेल खरा, पुढची सात वर्षं जेवणही फुकट मिळेल.

धागाकर्त्यांनी घाबरू नये. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंतची एअरगन परवान्याच्या बाहेर आहे.

गेजवाला
सातवा_मजलांचं पिस्तूल त्या मर्यादेच्या पावपट आहे. पेलेट ०.४५ ग्रॅम, वेग साधारण १५० मीटर दर सेकंदाला. हिशेब केला तर ५ ज्यूल.

डॅलसचा_दामू
माझं नाव न घेता माझा छंद निघाला म्हणून लिहितो. मूळचा नौपाड्याचा, २२ वर्षं टेक्सासात. इथे घरी काडतुसं भरणं कायदेशीर आहे आणि मी ते करतो. काळा_कोट म्हणतात ते शंभर टक्के खरं, तिकडे याच्या वाटेला जाऊ नका.

पण बिघाड शोधायची रीत तीच आहे म्हणून एक किस्सा. माझा डिजिटल काटा दर दहा-बारा मिनिटांनी सरकायचा. शून्यावर आणावा, परत सरकलेला. मी काटा बदलला, बॅटरी बदलली, टेबल बदललं. तीन आठवडे. शेवटी लक्षात आलं की तो सरकतो तेव्हा वर छतातला एसी सुरू झालेला असतो. झोत थेट पारड्यावर. आता काट्यावर काचेची पेटी उपडी ठेवतो आणि दर थोड्या वेळाने ठरावीक वजन ठेवून तपासतो. दुसरं एकदा रायफलची पुंगळी डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) अशी अडकली की प्रेसचा दांडा वाकायची वेळ. वंगण लावायचं विसरलो होतो, आणि शिव्या दिल्या डाय बनवणाऱ्याला.

क्रीपचं निदान मला पटतंय. पण मोजल्याशिवाय पार्ट मागवू नका.

नेरूळकरीण
काट्याचं अगदी खरं! मी पेलेट वजन करायला सोनाराकडे असतो तसा मिलिग्रॅमचा काटा घेतला, आणि सीलिंग फॅनखाली बसून आठवडाभर कंपनीला नावं ठेवत होते. तसं पिस्तुलाला पेलेट वजन करून फार फरक पडत नाही, दहाची रिंग ११.५ मिमीची आहे. रायफलवाल्यांचा दहा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, त्यांनी करावं. माझा मुलगा रायफलवाला. २०२२ साली आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोला वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि आमच्या घरात हे खूळ शिरलं ते अजून बाहेर पडलं नाही.

सातवा_मजला
धाग्याला चार दिवस विश्रांती दिली कारण मोजत होतो. वही केली आहे. लेकीलाच लिहायला लावलं.

सिलिंडर हळू भरला, तासाभराने १९२.
पहिली रात्र, वेगळा ठेवून: सकाळी १९२.
दुसरी रात्र, पिस्तुलाला लावून: सकाळी १५८.

म्हणजे सिलिंडर निर्दोष सुटला. साबणाचं पाणी लावलं. दोन मिनिटं काही नाही, मग सांध्यावर मोहरीएवढा एक फुगा, तो फुटला, दुसरा आला. टिश्यू हलला नाही.

आता क्रोनोग्राफ. क्लबातल्या एका काकांनी दिला. दहा शॉट १४८ ते १५१ च्या मध्ये. पंधरा मिनिटं थांबून: १५७, १५२, १५०, १४९, १५०, पुढे तसेच.

काका, तुमचा क्रीप सापडला! आता रेग्युलेटर किट मागवतो. लेक खूश आहे, 'मनगट नव्हतं' असं घरभर सांगत फिरतेय.

दहा_मीटर
भले शाब्बास. सांध्याची ओ-रिंग आधी बदला, ती पिस्तुलाबरोबरच्या डबीत जादा दिलेली असते. सिलिंडर काढा, चेंबर रिकामा करा, उरलेली हवा ट्रॅपकडे तोंड करून सोडा. ओ-रिंग टोकदार वस्तूने उपसू नका, खाचेला चरा पडला की नवी रिंगही गळेल. लाकडी टूथपिक. वर सिलिकोन ग्रीसचं बोट, नुसतं पुसल्यासारखं.

गेजवाला
डबीतली हरवली असेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा, पण जुनी रिंग खिशात घेऊन आणि व्हर्नियरने मापं लिहून. आतला व्यास आणि जाडी, दोन्ही. 'अशीच पण जरा मोठी' असली रिंग २०० बारला चालत नाही. नायट्राइल रबर मागा, कडकपणा ९० शोअर.

पण मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितोय. काल रात्री जेवण झाल्यावर पाटीवर आकडे मांडले आणि झोप उडाली.

पेलेट १० मीटर जाईपर्यंत खाली पडतो. हवेचा अडथळा सोडून देऊ. १४९.५ ने गेला तर सुमारे २२ मिमी पडेल. १५७ ने गेला तर सुमारे २० मिमी. फरक २ मिलिमीटर.

पिस्तुलाच्या टार्गेटवर एका रिंगेपासून दुसरी ८ मिमीवर. तुम्ही म्हणता पूर्ण रिंग जाते. मग २ मिमीचा हिशेब लागला, ६ मिमी कोणी नेले?

क्रीप आहे. पण चोर तो एकटा नाही.

दहा_मीटर
काका!! मी पंधरा वर्षं क्रीपला शिव्या देतोय आणि हा हिशेब कधी मांडला नाही. आत्ता कॅल्क्युलेटरवर करून बघितला. खरंच २ मिमी.

कटिंग_चाय
मला यातलं निम्मं कळत नाहीये पण पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नेरूळकरीण
मग साईट? ब्रेकमध्ये पिस्तूल पेटीत ठेवते का? फोममध्ये साईट दाबली जात असेल.

सातवा_मजला
पेटीत नाही ठेवत, टेबलावरच असतं, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामा असल्याची खूण) लावून. फोमचा संबंध नाही. आणि साईटचे स्क्रू मी घट्ट केलेत.

सर परत मनगटावर आलेत. लेक परत गप्प.

गेजवाला
रिअर साईटची पाती वर-खाली नखाने हलकी दाबून बघा. स्क्रू घट्ट असला तरी उंचीचा स्क्रू आतल्या स्प्रिंगच्या जोरावर उभा असतो. स्प्रिंग थकली किंवा खाचेत शिशाची पूड आणि तेल यांचा चिकटा बसला, की पातीला खेळ येतो आणि ती ठेवाल तिथे राहते. दोन्ही साईटमधलं अंतर किती आहे? फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल तर खेळ मोजा.

सातवा_मजला
फीलर गेज शेजारच्या गॅरेजवाल्याकडून आणला. तो म्हणाला टॅपेट करायचेत का? म्हटलं हो, छोटे आहेत.

पाती हलते. ०.२० मिमीची पट्टी जाते, ०.२५ ची नाही. अंतर ३२० मिमी.

गेजवाला
०.२ भागिले ३२०, गुणिले १०,०००. सव्वासहा मिलिमीटर.

अधिक दोन. सव्वाआठ. तुमची रिंग सापडली.

पण एक प्रश्न उरतो आणि तो मला छळतोय. पाती ब्रेकमध्येच वर का जाते? टेबलावर पडलेल्या पिस्तुलाची पाती आपोआप वर सरकत नाही. कोणीतरी ओढतंय.

सातवा_मजला
काका, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचला. लेक सोफ्यावर होती. 'कोणीतरी ओढतंय' ऐकल्यावर ती उठली, आत गेली आणि हातात एक वस्तू घेऊन आली.

टोपडं.

माझ्या आईने मे महिन्यात साईटवर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचं टोपडं विणून दिलंय. लाल-पिवळं. बाळाच्या टोपड्यासारखंच, फक्त अंगठ्याएवढं. पोरगी दर ब्रेकला ते साईटवर चढवते आणि मारायला उभी राहताना वरच्या गोंड्याला धरून ओढून काढते. घट्ट बसतं. ओढलं की पाती बरोबर वर येते आणि चिकट्यामुळे तिथेच राहते. मग दोन-तीनदा लिव्हर बंद केली की धक्क्याने खाली बसते.

मी समोर बसून दहा वेळा करून बघितलं. दहापैकी नऊ वेळा पाती वर.

आम्ही तिघं हसतोय आणि आई विचारतेय काय झालं.

नेरूळकरीण
हे वाचून ऑफिसात मोठ्याने हसले, आता सगळे विचारतायत. टोपड्याचा फोटो टाका!

डॅलसचा_दामू
माझा एसी टोपड्यापुढे काहीच नाही.

दहा_मीटर
मी वीस-पंचवीस पोरांना शिकवतो आणि प्रत्येकाला मनगट म्हणतो. उद्या प्रत्येकाची साईट दाबून बघणार आहे. तुमच्या सरांना हा धागा दाखवा, मी लिहिलंय असं सांगू नका.

आता उपाय. चिकटा कोरड्या मऊ ब्रशने काढा, तेल टाकू नका, तेलानेच पूड धरली. स्प्रिंग छोटी गोष्ट आहे, विक्रेत्याकडे मिळेल. ती येईपर्यंत दर ब्रेकनंतर पाती बोटाने खाली दाबून घ्यायची सवय लावा. साईट बदलली की झिरो परत करावा लागेल, म्हणजे नेम पुन्हा जुळवावा लागेल, तो मॅचच्या आदल्या दिवशी करू नका.

रेग्युलेटर मात्र घरी उघडू नका, अजूनही नाही. दाबाखालची चीज आहे, आणि उघडून परत बसवल्यावर आउटपुट किती लावलाय हे मोजायला तुमच्याकडे काही नाही. २ मिमीसाठी डोळा पणाला लावायचा नसतो. सर्व्हिसला पाठवा, पावसाळ्यानंतर पाठवलंत तरी चालेल.

गेजवाला
एक पुस्ती. क्लबातल्या मोठ्या बाटलीचा फिल्टर कधी बदलला ते विचारा. आपल्याकडची जुलैची हवा दाबली की पाणी सुटतंच. कॉम्प्रेसरला ओलावा शोषणारं भरण असतं, ते भिजून गेलं की पुढे पाणीच जातं, आणि ते शेवटी सगळ्यांच्या रेग्युलेटरच्या सीटवर जाऊन बसतं. भरायच्या आधी बाटलीचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून जोडणीच्या तोंडातलं पाणी उडवून टाका, तोंड माणसांपासून लांब धरून. घरी हातपंप वापरणाऱ्यांनी तर दर पन्नास-साठ फटक्यांनी थांबून ड्रेन उघडावा, पंपही थंड होतो.

पहिला_मजला
हा धागा सहज सापडला. आम्हीही कोलशेतलाच. आमच्या वरच्या मजल्यावर कोणीतरी रात्री दहानंतर भिंतीत ठक् ठक् करतं, एका सेकंदाचाही ताल चुकत नाही. तुम्हीच का?

सातवा_मजला
आम्ही सातवा मजला, तुम्ही पहिला, मध्ये पाच मजले आहेत. आणि आमची सोसायटी तीच असेल असं नाही. :)

पण विषय निघाला म्हणून सांगतो. घरी १० मीटर मिळत नाहीत. हॉलच्या दारापासून किचनच्या बाल्कनीपर्यंत ७.२ मीटर. टार्गेटचा काळा भाग ५९.५ मिमीचा असतो, तो त्या प्रमाणात ४२.८ मिमीचा छापून घेतला. ट्रॅपच्या मागे जुनी सतरंजी चौघडी घालून, किचनचं दार कडी लावून, नऊनंतर फक्त ड्राय फायर, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर. ठक् ठक् करणारे दुसरे कोणी असतील.

पहिला_मजला
मग खलबत्ता असेल. शुभेच्छा लेकीला.

सातवा_मजला
आठवड्याने लिहितोय.

ओ-रिंग डबीतच सापडली. जुनी मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठी करून बघितली, एका जागी ब्लेडने कापल्यासारखी खाच. बहुतेक मीच सिलिंडर कोरडाच आवळत होतो. बदलल्यावर रात्रीत १९२ चे १९०.

साईट साफ केली. स्प्रिंग यायची आहे. टोपडं बंद. काल क्लबात साठ शॉट मारले, मध्ये दोन ब्रेक. ब्रेकनंतरचे पहिले शॉट: १०, ९. त्यातला ९ हा बाराच्या काट्यावर नाही, चारच्या काट्यावर होता, त्यामुळे तो तिचा स्वतःचा आहे आणि तिने कबूलही केला.

सरांना धागा दाखवला. ते काही बोलले नाहीत. स्वतःच्या पिस्तुलाची पाती दाबून बघत होते.

आई जरा हिरमुसली आहे. विचारतेय, गोंडा काढून सैल विणलं तर चालेल का?

गेजवाला
आईंना नमस्कार सांगा. पाती काढून ठेवल्यावर तिच्यासाठी चालेल. किंवा सिलिंडरच्या काट्याला विणा म्हणावं, काच वाचेल. तो ओढून वर येत नाही.